मारेकऱ्यांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्या: सुरुवात कोठून करावी आणि नवे काय वाचावे?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकला गंगापूर रोड परिसरात राहतो आणि इंग्रजीतल्या अद्भुतरम्य कादंबऱ्या आवडीने वाचतो. सुरुवात टोलकीनपासून झाली, पुढे जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेत अडकलो, आणि २०११ साली पाचवा भाग आल्यापासून जगभरचे वाचक सहाव्याची वाट पाहत आहेत, त्यात मीही एक. त्या मालिकेतले मला सर्वांत भावलेले प्रकरण युद्धाचे नाही आणि ड्रॅगनचेही नाही. ब्रावोस शहरातल्या मंदिरात आर्या ही मुलगी मारेकऱ्यांची विद्या शिकायला राहते, तो भाग मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. तिला आपले नाव आणि आपल्या साऱ्या वस्तू टाकून द्यायला सांगितले जाते. ती एकेक वस्तू कालव्यात फेकते, पण भावाने दिलेली बारीक तलवार तेवढी पायरीच्या दगडाखाली दडवून ठेवते. मारेकरी घडवला कसा जातो, त्याला घडवणारे कोण असतात आणि घडताना त्याच्यातले काय शिल्लक राहते, हे ज्यांत सविस्तर आले आहे अशा कादंबऱ्या मला हव्या आहेत.

काळा झगा, दोन खंजीर आणि छपरांवरून उड्या एवढ्यावरच ज्यांचे भागते, अशी पुस्तके कृपया सुचवू नयेत. ती मी पुरेशी वाचली आहेत. मालिका असेल तर ती पूर्ण झालेली असावी, कारण आणखी एका लेखकाची वाट पाहण्याची माझी तयारी नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत आलेले काही उत्तम असेल तर तेही सांगावे. माझी भाची अकरावीत आहे आणि माझ्या कपाटातली पुस्तके ती न विचारता नेते, त्यामुळे कोणते पुस्तक तिच्या हाती पडले तरी चालेल आणि कोणते वरच्या फळीवर ठेवावे, हेही कळले तर बरे होईल. मराठीत या प्रकारचे काही असेल तर तेही जरूर कळवावे.

रात्रपाळी (उत्तर)

आपण जे वर्णन केले आहे ते वाचून एकच नाव पुढे येते, ते रॉबिन हॉब यांचे. मार्गारेट ऑग्डेन या लेखिकेचे हे टोपणनाव आहे. ‘असॅसिन्स अप्रेंटिस’ (१९९५), ‘रॉयल असॅसिन’ (१९९६) आणि ‘असॅसिन्स क्वेस्ट’ (१९९७) ही त्यांची त्रयी फार पूर्वीच पूर्ण झाली असल्यामुळे आपली पहिली अट तेथेच भागते.

कथा अशी आहे की एका राजपुत्राच्या अनौरस मुलाला, वय वर्षे सहा, त्याच्या आईचा बाप सैनिकांच्या हवाली करतो आणि पाठ फिरवून निघून जातो. मुलाला नावसुद्धा नसते. तबेल्याचा प्रमुख त्याला घोड्या-कुत्र्यांबरोबर वाढवतो. पुढे म्हाताऱ्या राजाची नजर त्याच्यावर पडते, आणि हा पोरगा मोकळा सोडला तर उद्या कोणीतरी त्याला गादीचा वारस म्हणून उभा करील, त्यापेक्षा त्याला आपल्याच हातातले हत्यार करावे, असा हिशेब तो राजा मुलाच्या देखत, अगदी थंडपणे मांडतो. मग अन्न, वस्त्र आणि शिक्षण यांच्या बदल्यात तो त्या मुलाची निष्ठा मागतो आणि खूण म्हणून तांबड्या खड्याची चांदीची टाचणी त्याच्या कपड्यात खोचतो. या प्रसंगात रक्ताचा थेंबही सांडत नाही, तरी मारेकरी जन्माला येतो तो याच प्रसंगात, असे माझे मत आहे.

शिकवणारा गुरू किल्ल्याच्या भिंतींमधल्या गुप्त जिन्यांवर राहतो आणि रात्रीच भेटतो. विषे, वनस्पती, माणसांचे निरीक्षण, स्वयंपाकघरातल्या गप्पा ऐकणे, असा अभ्यासक्रम वर्षानुवर्षे चालतो. शिकवणीचा भाग म्हणून गुरू मुलाकडून किरकोळ चोऱ्या करवून घेतो, आणि एके रात्री राजाच्याच खोलीतून एखादी वस्तू उचलून आणायला सांगतो. मुलगा नकार देतो. गुरू रागावतो, पुढे कितीतरी दिवस त्याला बोलावत नाही, आणि त्या एकटेपणात मुलाची जी अवस्था होते ती लेखिकेने इतक्या बारकाईने लिहिली आहे की नंतरच्या कोणत्याही खुनापेक्षा तीच पाने लक्षात राहतात. तो नकार ही परीक्षा होती की आज्ञाभंग, हे आपणच वाचावे.

जादू आहे, पण ती माफक आहे आणि ती दोन प्रकारची आहे. एक राजघराण्यात चालत आलेली, दूरवरून दुसऱ्याच्या मनात शिरण्याची, प्रतिष्ठित विद्या. दुसरी प्राण्यांशी मन जोडण्याची, जी समाजात इतकी निंद्य मानली जाते की ती असल्याचा नुसता संशयही जिवावर बेतू शकतो. नायकाच्या वाट्याला दोन्ही येतात आणि त्याची खरी कुचंबणा तेथे सुरू होते. दुसऱ्या भागात त्याच्या सोबतीला येणारा लांडगा हा मला या सबंध साहित्यप्रकारातला सर्वांत शहाणा सहचर वाटतो.

दोष सांगितले नाहीत तर शिफारस अपुरी राहील. गती संथ आहे. निवेदन म्हातारपणी आठवून लिहिल्यासारखे असल्यामुळे प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी इतिहासाचा एक उतारा येतो आणि काही वाचक त्यालाच कंटाळतात. तिसरा भाग गरजेपेक्षा बराच लांबला आहे; त्यातला प्रवास दोनशे पानांनी कमी झाला असता तरी कोणी तक्रार केली नसती. पहिली त्रयी आवडली तर त्याच नायकाच्या आणखी दोन त्रयी आहेत, एक २००१ ते २००३ मधली आणि दुसरी २०१४ ते २०१७ मधली. मध्ये जहाजांच्या व्यापाऱ्यांची एक वेगळी त्रयी येते, ती नायक वेगळा म्हणून बहुतेक जण गाळतात. ती गाळू नये. शेवटच्या त्रयीत तिचे धागे परत येतात.

भाचीने ही पुस्तके नेली तर नेऊ द्यावीत. दुःख भरपूर आहे आणि काही ठिकाणी क्रौर्यही आहे, पण अकरावीतल्या वाचकाला झेपणार नाही असे त्यांत काही नाही.

शाईचा डाग (उत्तर)

रात्रपाळी यांच्याशी मी सहमत आहे, मात्र हॉब यांची पहिली दीडशे पाने सोसण्याचा संयम प्रत्येकाकडे नसतो, हे त्यांनी जरा जपूनच सांगितले आहे. प्रश्नकर्त्यांनी ब्रावोसच्या मंदिराचा उल्लेख केला आहे, आणि तशी ‘शाळा’ हवी असेल तर हॉब यांच्याकडे ती नाही, तेथे एक गुरू आणि एक शिष्य आहे. शाळेसाठी मार्क लॉरेन्स यांच्याकडे जावे.

त्यांची ‘रेड सिस्टर’ (२०१७), ‘ग्रे सिस्टर’ (२०१८) आणि ‘होली सिस्टर’ (२०१९) ही पूर्ण त्रयी एका मठात घडते. खुनाच्या आरोपावरून फाशीच्या दोरापर्यंत पोहोचलेल्या नोना नावाच्या लहान मुलीला मठाची प्रमुख सोडवून आणते, आणि त्या मठात मुलींना प्रार्थनेच्या बरोबरीने तलवार, विष आणि दबक्या पावलांनी वावरण्याची विद्या शिकवली जाते. ते जग मला फार आवडले. सूर्य विझत चाललेला आहे, उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडून बर्फ सरकत येत आहे, आणि विषुववृत्ताभोवतीचा जमिनीचा अरुंद पट्टा तेवढा एका कृत्रिम चंद्राने परावर्तित केलेल्या उजेडामुळे मोकळा राहिला आहे. साऱ्या राज्यांची भांडणे त्या पट्ट्यासाठीच आहेत, त्यामुळे लहान मुलींना मारण्याची विद्या का शिकवावी लागते, याचे उत्तर भूगोलातच मिळते. नोनाच्या मैत्रिणी, त्यांचे रुसवे, विषाच्या तासाला उडणारी तारांबळ, हे सगळे शाळेच्या गोष्टीसारखे वाचता येते आणि मधूनच आठवते की या मुली कशासाठी तयार होत आहेत. भाचीसाठीही हीच त्रयी मी सर्वांत आधी सुचवीन. हिंसा आहे, पण ती चवीने रंगवलेली नाही.

जे क्रिस्टॉफ यांची ‘नेव्हरनाइट’ (२०१६) हीदेखील मारेकऱ्यांच्या शाळेचीच कथा आहे आणि तीही तीन भागांत २०१९ साली संपली. नायिकेच्या सावलीत मांजराच्या आकाराचे काहीतरी राहते आणि ते तिची भीती खाऊन जगते, ही कल्पना सुंदर आहे. आकाशात तीन सूर्य असल्यामुळे खरी रात्र क्वचितच होते, हेही कथेत चांगले वापरले आहे. मात्र लेखकाला तळटिपांचा भारी सोस आहे. काही पानांवर तळटीपच अर्धे पान व्यापते. आणि शृंगार इतका उघड आहे की हे पुस्तक वरच्या नव्हे, अगदी कुलपाच्या फळीवर ठेवावे.

ब्रेंट वीक्स यांची ‘नाइट एंजल’ त्रयी २००८ साली ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर अशा लागोपाठच्या तीन महिन्यांत बाजारात आली, आणि वाचतानाही तोच वेग जाणवतो. गटारगल्लीतला एक अनाथ मुलगा शहरातल्या सर्वांत भयंकर मारेकऱ्याकडे शिष्य म्हणून जातो. गुरू त्याला सांगतो की प्रेम हा फास आहे, ते सोड. आणि पुढची तिन्ही पुस्तके शिष्य ते कसे सोडू शकत नाही याची आहेत. कथानकाची वीण घट्ट आहे. स्त्रीपात्रे मात्र पुष्कळदा कागदी वाटतात, आणि आरंभीच्या प्रकरणांत रस्त्यावरच्या मुलांवर होणारे अत्याचार आहेत, म्हणून तरुण वाचकाला ते देताना विचार करावा. २०२३ साली ‘नाइट एंजल नेमेसिस’ हे नवे पुस्तक आले, म्हणजे पूर्ण झालेली मालिका पुन्हा उघडली. आपली अट लक्षात घेता पहिल्या तिन्हींवर थांबलात तरी काही बिघडत नाही.

सारा जे. मास यांच्या ‘थ्रोन ऑफ ग्लास’चे (२०१२) नाव कोणीतरी घेईलच, म्हणून मीच घेतो. मिठाच्या खाणीत कैद असलेल्या अठरा वर्षांच्या नामांकित मारेकरीणीला राजवाड्यातल्या स्पर्धेसाठी बाहेर काढले जाते. पहिल्या भागात ती मारेकरी कमी आणि पाहुणी जास्त वाटते. मालिका पुढे मोठी होते, २०१८ मध्ये संपते, आणि प्रेमकथेची ज्यांना आवड आहे त्यांना ती मनापासून आवडते. आपल्या प्रश्नाचे उत्तर तेथे नाही.

भाचीसाठी आणखी दोन नावे देतो. रॉबिन लाफिव्हर्स यांची ‘ग्रेव्ह मर्सी’ (२०१२) पंधराव्या शतकात, आजच्या फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतात घडते. मृत्यूच्या देवतेची सेवा करणाऱ्या मठातली एक तरुणी दरबारात पाठवली जाते, आणि तिला जिचे रक्षण करायचे ती ब्रिटनीची डचेस ॲन ही इतिहासातली खरी व्यक्ती आहे. स्वाती तीरधाला यांची ‘द टायगर ॲट मिडनाइट’ (२०१९) ही भारतीय पुराणकथांची सावली असलेली त्रयी आहे. मारेकरीण आणि तिचा पाठलाग करणारा सैनिक यांची ती कथा आहे आणि तिचे तिन्ही भाग उपलब्ध आहेत.

जुनी जिल्द (उत्तर)

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. ‘मराठीत काही आहे का’ या प्रश्नाकडे मात्र कोणी वळले नाही, म्हणून लिहितो.

मराठी कादंबरीच्या आरंभीच्या काळात अद्भुतरम्य कथांचाच भर होता, हे आज विसरल्यासारखे झाले आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ सालची. पुढे वास्तववादी कादंबरीचा दबदबा वाढला आणि समीक्षकांनी हा सारा प्रकार बालिश ठरवून बाजूला सारला. नाथमाधवांची ‘वीरधवल’ वाचून एके काळी घरोघरची मुले रात्रभर जागत असत; तिच्यात कारस्थाने, भुयारे आणि वेषांतरे यांची रेलचेल आहे. भाषा आज जड वाटेल, पण दोन प्रकरणांनंतर तिची सवय होते.

हिंदी वाचता येत असेल, आणि नाशिककरांना ते यायला हरकत नाही, तर देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ (१८८८) जरूर वाचावी. दूरदर्शनवरच्या मालिकेवरून तिची परीक्षा करू नये. त्या कादंबरीतला ऐयार हा आपल्या प्रश्नातल्या मारेकऱ्याचा जवळचा नातलग आहे. तोही कोणा राजाचा चाकर आहे, तोही वर्षानुवर्षे विद्या शिकलेला आहे, वेष बदलणे, दोर टाकून तट चढणे आणि शत्रूच्या गोटात मिसळून राहणे हे त्याचे नित्याचे काम आहे. पण त्याच्या बटव्यात विषापेक्षा बेशुद्धीची बुकणी महत्त्वाची असते. ती हुंगवायची, शत्रूची गाठोड्यात मोट बांधायची, पाठीवर टाकून पळायचे, आणि मुक्कामी पोहोचल्यावर दुसरे औषध हुंगवून त्याला शुद्धीवर आणायचे. चंद्रकांतेचे अर्धे कथानक अशा गाठोड्यांच्या देवाणघेवाणीवर चालते आणि त्यामुळे पात्रे मरण्याऐवजी परत परत समोर येतात, एकमेकांचा अपमान आठवणीत ठेवतात, डाव उलटवतात. एवढ्या हातघाईत इतके कमी रक्त सांडणारी दुसरी कादंबरी माझ्या पाहण्यात नाही.

आणि खरोखरीचे मारेकरी हवे असतील तर विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ काढून वाचावे. ते नाटक आहे, कादंबरी नव्हे, आणि त्यात जादूही नाही, हे मान्य करूनच सुचवतो आहे. दुसऱ्या अंकात नंदांचा अमात्य राक्षस याला त्याचा हेर एकेक बातमी सांगतो, आणि प्रत्येक बातमी म्हणजे चंद्रगुप्ताला मारण्याचा फसलेला एक बेत असतो. विषकन्या पाठवली होती, ती चाणक्याने चंद्रगुप्ताचा साथीदार राजा पर्वतक याच्याकडे वळवली. तोरण अंगावर पाडायचे ठरले होते, ते भलत्याच्याच अंगावर पडले. वैद्याने औषधात विष घातले, तर सोन्याच्या भांड्यात औषधाचा रंग बदललेला चाणक्याला दिसला आणि तेच औषध वैद्याला प्यावे लागले. सर्वांत जबरदस्त बेत शयनगृहाचा आहे. भिंतीच्या आत भुयार करून मारेकरी दडवलेले असतात. चाणक्य खोली पाहायला येतो, आणि भिंतीच्या फटीतून मुंग्यांची रांग भाताचे कण घेऊन बाहेर पडताना त्याला दिसते. भिंतीत अन्न आहे, म्हणजे माणसे आहेत, एवढे ताडून तो ती खोलीच पेटवून देतो. ज्या लेखकाला एका मुंगीवर सबंध कट उलटवता येतो त्याच्यासमोर आजचे कित्येक लेखक फिके पडतात.

आपल्याला घडवणाऱ्यांमध्ये रस आहे म्हणून आणखी एक गोष्ट नमूद करतो. राक्षस चंद्रगुप्तावर मारेकरी सोडत राहतो, पण चाणक्याची सारी खटपट राक्षसाला जिवंत ठेवून त्याला चंद्रगुप्ताचाच अमात्य करण्यासाठी चाललेली असते. मारण्यापेक्षा माणूस फोडणे कठीण, आणि नाटक त्या कठीण कामाचे आहे.

मेनरोड (उत्तर)

नव्या पुस्तकांबद्दल अजून कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून तेवढ्यापुरते लिहिते.

श्रीलंकेचे लेखक वज्र चंद्रशेखर यांची ‘द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स’ ही कादंबरी २०२३ साली आली आणि तिला त्या वर्षीचा, विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठीचा नेब्युला पुरस्कार मिळाला. एकच पुस्तक आहे, मालिका नाही. मूल जन्मते त्याच क्षणी त्याची आई पितळी खिळ्याने त्याची सावली जमिनीला ठोकते आणि त्याच्यापासून फाडून काढते, अशी तिची सुरुवात आहे. त्या आईने मुलाला एकाच कामासाठी वाढवले आहे: मोठा झाल्यावर त्याने आपल्या बापाला मारायचे, आणि बाप म्हणजे लक्षावधी अनुयायी असलेला एक धर्मसंस्थापक. मुलगा वयात येतो, शहरात जातो आणि ते काम करायचे टाळत राहतो. त्या शहरात त्याच्यासारख्या, कोणीतरी कशासाठी तरी ‘निवडलेल्या’ आणि मग वाटेत सोडून दिलेल्या माणसांचा एक गट भरतो. एकमेकांचे दुखणे ऐकून घ्यायला जमतात तसा. बुद्धचरित्र आणि बुद्धाचा मुलगा राहुल याची कथा ज्या वाचकाला लहानपणापासून ठाऊक आहे त्याला यातले कित्येक संदर्भ कोणी न सांगता कळतात. म्हणून पश्चिमेतल्या वाचकापेक्षा हे पुस्तक आपल्याकडच्या वाचकाला अधिक देते, असे मला वाटते. उत्तरार्ध विस्कळीत आहे आणि निवेदक कोण आहे हे उशिरा उलगडते; तोवर धीर धरावा.

येथे एक गोष्ट जरा बाजूची, पण नाशिककरांना लगेच पटेल अशी. २१ डिसेंबर १९०९ रोजी आपल्या गावातल्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकतो. कान्हेरे अठराएक वर्षांचे होते आणि पुढच्याच एप्रिलमध्ये ते ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. आपल्याकडे ते क्रांतिकारक आहेत, आणि इंग्रजांच्या दप्तरात मारेकरी. अद्भुतरम्य कादंबऱ्यांतले मारेकरी बहुधा पैशासाठी, राजासाठी किंवा देवासाठी मारतात. स्वतः ठरवून, परिणाम स्वीकारून मारणारा त्यांत क्वचितच भेटतो. चंद्रशेखर यांच्या नायकाचे टाळणे मला महत्त्वाचे वाटले ते याच कारणाने. हे काम कोणाचे, आईचे की आपले, हा प्रश्न तो सोडत नाही.

दुसरे नवे नाव रॉबर्ट जॅक्सन बेनेट यांच्या ‘द टेंटेड कप’चे (२०२४). तिला याच साहित्यप्रकारातला २०२५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला आहे. एका बड्या घराच्या वाड्यात लष्करी अभियंत्याच्या शरीरातूनच झाड उगवून तो मरतो, आणि डोळ्यांवर पट्टी बांधून बसणारी एक विक्षिप्त अधिकारी व तिचा तरुण सहायक या हत्येचा शोध घेतात. म्हणजे येथे आपण मारेकऱ्याच्या नव्हे, त्याचा माग काढणाऱ्याच्या बाजूने आहोत. हत्यारच वनस्पतीचे असल्यामुळे ते कधी, कोठे आणि कोणाच्या श्वासातून आत गेले हे शोधण्यात फार मौज आहे. पुढचा भाग ‘अ ड्रॉप ऑफ करप्शन’ २०२५ मध्ये आला. मालिका चालू आहे, पण प्रत्येक पुस्तकातले प्रकरण त्याच पुस्तकात मिटते, म्हणून आपली अट थोडी सैल करायला हरकत नसावी.

अँटोनिया हॉजसन यांची ‘द रेव्हन स्कॉलर’ (२०२५) ही त्रयीचा पहिला भाग आहे, तेव्हा ती सध्या आपल्यासाठी बाद. सिंहासनासाठीच्या स्पर्धेत एका उमेदवाराचा खून होतो आणि तपास एका चिडचिड्या, नावडत्या विदुषीच्या गळ्यात पडतो. त्रयी पूर्ण झाली की आठवण ठेवून घ्यावी.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘रेड सिस्टर’ आणि ‘असॅसिन्स अप्रेंटिस’ दोन्ही मागवतो आहे; आधी कोणते संपते ते भाचीवर अवलंबून राहील. ‘मुद्राराक्षस’ महाविद्यालयात परीक्षेपुरते वाचले होते, त्यातल्या मुंग्या मुळीच आठवत नाहीत. तो अंक पुन्हा काढतो. जुनी जिल्द यांना एक विचारायचे आहे: आपल्या म्हणण्याप्रमाणे ऐयार मारत नसेल, तर त्याच्या कथेत धोका कसा टिकतो? मारेकऱ्याच्या कथेत प्रत्येक दार उघडताना जीव जाईल ही भीती असते. गाठोड्यात बांधला जाण्याची भीती तेवढी खरी वाटते का?

आणि आणखी एक. हे सगळे वाचून मन जड होईल असे दिसते. याच विषयावर काही हलकेफुलके आहे का?

जुनी जिल्द (उत्तर)

वाटते, पण ती भीती वेगळ्या जातीची आहे. ऐयार पकडला गेला की त्याची जागा लगेच शत्रूचा माणूस त्याच्याच रूपात घेतो, आणि त्याच्या धन्याशी, सोबत्यांशी, कधी घरच्यांशीही बोलू लागतो. वाचकाला कळते की समोरचा तेजसिंह, म्हणजे नायकाचा ऐयार, हा खरा तेजसिंह नाही, पण शेजारी बसलेल्याला कळत नाही. जीव जाण्यापेक्षा आपल्या जागी दुसरा बसून आपल्या नावाने कारभार करतो आहे, ही धास्ती खत्रींनी फार चांगली वापरली. यामुळेच त्यांचे ऐयार भेटल्याबरोबर एकमेकांना ठरलेल्या खुणेचे प्रश्न विचारतात. पहिल्या भागात या खुणांकडे लक्ष ठेवून वाचा.

रात्रपाळी (उत्तर)

हलकेफुलके हवे असेल तर टेरी प्रॅचेट यांचे ‘पिरॅमिड्स’ (१९८९). त्यांच्या अंक-मॉरपॉर्क शहरात मारेकऱ्यांचा रीतसर संघ आहे, त्याची उत्तम शाळा आहे, बड्या घरची मुले तेथे शिकायला येतात कारण शिक्षण चांगले मिळते, आणि काम केल्यावर संघाचे सभासद पावती देतात. पुस्तकाच्या आरंभी एका राजपुत्राची अंतिम परीक्षा आहे. परीक्षक मागोमाग चालतो आहे, वही काढून गुण मांडतो आहे, मधूनच तोंडी प्रश्न विचारतो आहे, आणि परीक्षार्थी छपरांवरून जीव मुठीत धरून पुढे सरकतो आहे. आपण छपरांवरच्या उड्या नकोत म्हणाला होतात, तरी एवढ्या उड्या चालवून घ्याव्यात. परीक्षेचा शेवटचा प्रश्न प्रत्यक्ष कोणाला तरी मारण्याचा असतो, आणि तेथे तो मुलगा जे करतो त्यावरून प्रॅचेट नुसता विनोद करत नव्हते हे ध्यानात येते. त्यानंतर कथा वाळवंटातल्या राज्यात जाते आणि मारेकऱ्यांचा विषय मागे पडतो, ही एकच उणीव. प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेतली इतर पुस्तके वाचलेली नसली तरी हे स्वतंत्रपणे वाचता येते, आणि भाचीच्या फळीवर ठेवायलाही हरकत नाही.

खरेदीबद्दल थोडेसे. हॉब यांची त्रयी मागवताना तिन्ही भाग एकाच प्रकाशनाचे आणि एकाच आकाराचे आहेत ना, हे पाहून घ्यावे. वेगवेगळ्या आवृत्त्यांची मुखपृष्ठे आणि आकार वेगळे असतात. मला एका संकेतस्थळावरून आलेला दुसरा भाग चक्क नकली निघाला. कागद पातळ, शाई फिकी आणि मधली सोळा पाने उलटी बांधलेली. पैसे परत मिळाले, पण बराच पत्रव्यवहार करावा लागला. फारच स्वस्त दिसणारी प्रत घेऊ नये. सार्वजनिक वाचनालयाचे सभासद असाल तर मागणीच्या वहीत लॉरेन्स आणि चंद्रशेखर ही दोन नावे लिहून ठेवा, मीही लिहितो. एकापेक्षा जास्त सभासदांनी मागितले तर पुस्तक येण्याची शक्यता वाढते.

मेनरोड (उत्तर)

मागणीच्या वहीत माझेही नाव धरावे. आणि गोदाकाठ यांना ‘द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स’ तोपर्यंत हवे असेल तर माझी प्रत देता येईल. फक्त पेन्सिलीच्या खुणा भरपूर आहेत.